जिंकणारा एकच, मग बाकीचे प्रो सायकलपटू करिअर कशाच्या जोरावर करतात?

गिअर_अडकला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे आणि सध्या डोक्यात एकच खूळ, रोड सायकलिंगमध्ये प्रो व्हायचं. ताईने मला मध्ये घातलंय कारण घरात सायकलमधलं थोडंफार कळणारा मीच, आणि माझं कळणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर दमून येणं, एवढंच. तरी पोराशी बोलायचं तर काहीतरी माहिती हवी म्हणून त्याच्याबरोबर बसून टूर द फ्रान्सच्या स्टेजेस (एकेका दिवसाच्या रेसेस) बघितल्या, आणि जितकं बघत गेलो तितका गोंधळ वाढत गेला.

म्हणजे बघा, रेसला एका टीमचे आठ जण. पोडियमवर चढणार एक. बाकीचे सात जण घाट चढायला लागला की एकेक करून गळतात, आणि गळताना कुणाच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही दिसत नाही, उलट काम संपलं अशा थाटात आरामात पॅडल मारत मागे जातात. हे काय प्रकरण आहे? यांना पगार कोण देतं, कशाचा देतं? जो कधीच जिंकत नाही त्याला पुढच्या वर्षी कोण ठेवतं? सतराव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला का? आणि पस्तिशीनंतर ही माणसं करतात काय?

भाच्याला विचारलं तर तो फक्त पोगाचारबद्दल बोलतो. २०२० पासून चार टूर जिंकल्या, २०२४ ला एकाच वर्षात जिरो (इटलीची तीन आठवड्यांची रेस), टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप, वगैरे सगळं तोंडपाठ. पण सगळेच पोगाचार होणार नाहीत ना, मला बाकीच्यांचं सांगा.

वाऱ्याच्या_तोंडी

धागा आवडला. तुमचा गोंधळ होतोय कारण तुम्ही करिअर विजयात मोजताय. इथे करिअर मोजतात कॉन्ट्रॅक्टमध्ये. विजय मिळाला तर मिळाला, पुष्कळ जणांना उभ्या हयातीत एकदोनच मिळतात आणि काहींना तेवढेही नाही, तरी दहा-बारा वर्षं इमानेइतबारे नोकरी करून ताठ मानेने रिटायर होतात.

भाच्याला टिम डेक्लेर्क शोधायला सांगा. बेल्जियमचा, टोपणनाव 'एल ट्रॅक्टर'. त्याचं काम असं असायचं की सकाळी चारपाच जणांचा ब्रेकअवे, म्हणजे पुढे पळालेली टोळी, सुटला की पेलोटॉनच्या, म्हणजे मागच्या मुख्य घोळक्याच्या, तोंडाशी जायचं आणि पुढचे कित्येक तास वारा छातीवर घेत बसायचं, पळालेल्यांना फार लांब जाऊ द्यायचं नाही पण लवकर पकडायचंही नाही, कारण यांना पकडलं की लगेच नवे सुटतात आणि परत पहिल्यापासून सगळं. मागचे दीडशे जण त्याच्या आडोशाने कमी कष्टात येतात, त्यात त्याचा स्वतःचा स्प्रिंटरही असतो. शेवटचे वीस किलोमीटर बघायला टीव्ही लावणाऱ्याला हा माणूस दिसतच नाही, कारण तोवर त्याची पाळी संपलेली असते. २०२१ च्या टूरमध्ये तो १४१ वा आला, म्हणजे चक्क शेवटचा. आणि त्याच टूरमध्ये त्याच्या टीमने पाच स्टेजेस जिंकल्या, चार कॅव्हेंडिशने आणि एक अलाफिलिपने, वर कॅव्हेंडिशला गुणांची हिरवी जर्सी. अशा माणसाला डोमेस्टिक म्हणतात आणि चांगला डोमेस्टिक मिळवायला टीम्स रांगा लावतात.

आता बाटल्यांचं काम बघा, कॅमेरा क्वचित तिकडे वळतो. उकाड्याच्या दिवशी एकाने मागे टीम कारकडे जायचं असतं. गाड्यांची रांग असते, ज्या टीमचा माणूस एकूण क्रमवारीत वर तिची गाडी पुढे, म्हणजे तुमची टीम मागे पडली असेल तर बाटल्यांसाठी अजून लांब जा. कारच्या खिडकीशी एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने बाटल्या घ्यायच्या आणि जर्सीत कोंबायच्या, पाठीच्या खिशात, मानेमागून आत, पोटावर, सात-आठ बाटल्या म्हणजे तीनचार किलो झालेच. (बाटली देताना गाडीतला माणूस ती जरा जास्तच वेळ सोडत नाही आणि सायकलवाल्याला आयता ओढा मिळतो, ही जुनी ट्रिक आहे, पंचांनी बघितलं तर दंड.) मग ते ओझं घेऊन गाड्यांमधून वाट काढत, पूर्ण पेलोटॉन मागून पुढे पार करत आपल्या सात जणांपर्यंत पोचायचं. हे दिवसातून चारपाच वेळा. आणि मग घाट सुरू झाला की लीडरला पुढे आणून सोडायचं आणि तिथे तुमचा दिवस संपला.

तो आरामात मागे जाताना दिसला तोही पूर्ण आराम नसतो बरं का. विजेत्याच्या वेळेच्या अमुक टक्के वेळेत फिनिश गाठावीच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून असे सगळे मिळून मागे एक टोळकं करतात, ग्रुपेटो, त्यात कुणीतरी जुनाजाणता हिशेब करत असतो की आज किती मिनिटं हातात आहेत. उद्या परत राबायचंय म्हणून आज जेवढी वाचवता येईल तेवढी ताकद वाचवायची.

आणि कधीकधी पारडं फिरतं. सेप कस, २०२३. त्या वर्षी त्याने जिरोत रोग्लिचसाठी काम केलं, रोग्लिच जिंकला. टूरमध्ये विंगेगोरसाठी काम केलं, तो जिंकला. तिसरी ग्रँड टूर (तीन आठवड्यांची मोठी रेस) म्हणजे स्पेनची वुएल्टा, तिथे एका ब्रेकअवेमुळे कस स्वतःच पुढे निघाला आणि आघाडीवाल्याची लाल जर्सी अंगावर आली. मग त्याचेच दोन लीडर त्याच्या मागे दोन आणि तीन नंबरवर! आंग्लिरूच्या चढावर ते दोघं त्याला सोडून पुढे गेले, आघाडी उरली ८ सेकंद, लोक खवळले, आणि त्यानंतर टीमने ठरवलं की आता कसच. १७ सेकंदांनी जिंकला. त्या तीन आठवड्यांवर लोक अजून भांडतात, इथेही भांडतील.

उतारावरचा

भांडणारच. आंग्लिरूवर जे केलं ते निव्वळ कृतघ्नपणा होता, रेस आहे वगैरे मला सांगू नका.

हिशेबी_सायकल

आंग्लिरूसाठी वेगळा धागा काढा, इथे पैशांचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो, कारण ताईंना रात्री झोप लागत नसणार ती याच प्रश्नाने.

पुरुषांत तीन मजले आहेत. वर वर्ल्डटीम्स, १८, प्रत्येकीत तीसएक जण. मग प्रोटीम्स, मग कॉन्टिनेंटल. वरच्या मजल्यावर यूसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) किमान पगार ठरवून दिलाय, वर्षाला ४०,००० युरोंच्या वर. नवख्याला त्याहून कमी चालतं पण त्याला किमान दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागतं, हा नियम फार चांगला आहे कारण पहिल्या वर्षी पोरं नुसती मार खातात. दुसऱ्या मजल्यावरही किमान पगार आहे, थोडा कमी. तिसऱ्या मजल्यावर तसा काही आंतरराष्ट्रीय नियम नाही, तिथे सायकल, कपडे आणि प्रवासखर्च एवढ्यावर राबणारी पोरंही आहेत. भाच्याची सुरुवात तिथूनच किंवा त्याच्याही खालून होणार, हे आधीच मनाशी धरा.

बक्षिसांच्या रकमेवर जाऊ नका. टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो, स्टेज जिंकणाऱ्याला ११,०००, ऐकायला बरं वाटतं, पण रिवाज असा की बक्षीस एकत्र गोळा होतं आणि टीममेट्स, मेकॅनिक, मसाज करणारे अशा सगळ्यांत वाटलं जातं. जिंकणाऱ्याला स्वतःला त्याची पडलेली नसते, त्याचा पगार कैक पटींनी जास्त असतो. डोमेस्टिकला मात्र लीडर जिंकला की वर्षाअखेर बऱ्यापैकी रक्कम सुटते.

खरी गोम वेगळीच आहे. या खेळात तिकीट नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणीही फुकट बघतं. टीव्हीचे पैसे रेस भरवणाऱ्याकडे जातात. मग टीमकडे उरतं काय, तर स्पॉन्सर. जर्सीवरचं नाव हेच टीमचं नाव आणि तोच तिचा जवळजवळ सगळा पैसा. त्या कंपनीत नवा साहेब आला आणि त्याला सायकलिंगमध्ये रस नसला की तीस सायकलपटू आणि त्याहून जास्त स्टाफ रस्त्यावर. शिवाय १ ऑगस्टपासून नव्या बदल्या जाहीर करायला परवानगी असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपत आलेली माणसं अचानक प्रत्येक फालतू ब्रेकअवेमध्ये दिसायला लागतात, ते का ते आता कळलं असेल.

आणि वर २०२० पासून तीन वर्षांच्या गुणांवर टीम खाली घसरण्याची भानगड आहे. २०२२ अखेर लोटो आणि इस्राएल या दोन टीम्स घसरल्या. याचा फटका डोमेस्टिकलाच, कारण बाटल्या वाहण्याचे गुण मिळत नाहीत, पण कुठल्याशा छोट्या रेसमध्ये आठवा आलेल्याला मिळतात.

चढ_संपेना

वयाबद्दल. सतरा म्हणजे उशीर अजिबात नाही. प्रिमोझ रोग्लिच स्की जंपर होता, २००७ मध्ये ज्युनियर वर्ल्ड टीम चॅम्पियन, विशी उलटल्यावर रेसिंगला लागला, आणि आज खात्यात चार वुएल्टा, एक जिरो, ऑलिंपिक टाइम ट्रायलचं (एकट्याने घड्याळाविरुद्ध) सोनं. जे व्हाइन २०२० ला झ्विफ्ट अकॅडमी जिंकला, म्हणजे घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी बसवायचं यंत्र) सायकल मारून, त्यावर त्याला प्रो कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि २०२२ च्या वुएल्टात पठ्ठ्याने दोन डोंगरी स्टेजेस मारल्या. अॅनेमीक फान फ्लूटेन पंचविशीच्या आसपास रेसिंगला लागली, आणि २०२२ मध्ये, चाळिशीला टेकलेली असताना, जिरो, टूर, वुएल्टा तिन्ही, आणि वर कोपराचं हाड मोडलेलं असताना वर्ल्ड चॅम्पियनशिप.

इंजिन असेल तर वय बघत नाहीत.

हिशेबी_सायकल

@चढ_संपेना, ही नावं सगळ्यांना पाठ आहेत ती अपवाद आहेत म्हणूनच. पोराला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. आताचा ट्रेंड नेमका उलटा आहे. रेम्को एव्हनेपूलने फुटबॉल सोडून सायकल धरली आणि अंडर-२३ चा टप्पा ओलांडून ज्युनियरवरून थेट २०१९ ला वर्ल्डटूर, म्हणजे सगळ्यात वरचा मजला, आणि तेव्हापासून प्रत्येक टीमला पुढचा रेम्को हवाय. सतरा-अठराच्या पोरांना एजंट असतात, मोठ्या टीम्सनी स्वतःच्या डेव्हलपमेंट टीम्स काढल्यात. ज्युनियरांवर गिअरची मर्यादा होती, एका पॅडलात ७.९३ मीटरच्या वर जायचं नाही, २०२३ पासून तीही उठवली, म्हणजे ज्युनियर रेसेसही आता मोठ्यांसारख्याच सुसाट. बाविसाव्या वर्षापर्यंत कुठे ओळख नसेल तर लोक म्हातारा म्हणायला लागतात. चुकीचं आहे, पण आहे असं.

चढ_संपेना

चुकीचं आहे हेच तर म्हणतोय. विसाव्या वर्षी पूर्ण पिळून काढलेली पोरं पंचविशीत गाशा गुंडाळतात त्याचं काय?

गिअर_अडकला

बापरे, एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ताईला वाचून दाखवले. पैशांपेक्षा तिने भलतंच विचारलं, शरीराचं काय होतं? पडणं-बिडणं तर टीव्हीवर दिसतं, बाकी न दिसणारं काय? आणि मला स्वतःला विचारायचंय, डोमेस्टिक म्हणून कुणाला घ्यायचं हे ठरवतात कसं? तो तर जिंकतच नाही, मग रिझल्टमध्ये दिसतो कुठे?

एक_चाक_पुढे

ताईंच्या प्रश्नाचं मी घेते.

कॉलरबोन मोडणं ही या धंद्यात सर्दी-पडसं समजतात. प्लेट बसवायची, आठवड्याभरात हात गळ्यात बांधून ट्रेनरवर बसायचं. मॅथ्यू हेमनचं उदाहरण मुद्दाम देते कारण तो पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच राबला. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर एका रेसमध्ये पडून हात मोडला, सहा आठवड्यांवर पॅरिस-रूबे, म्हणजे अडीचशे किलोमीटर, त्यात दगडी रस्त्यांचे टप्पे. घरात ट्रेनरवर सराव केला, टीमने घेतलं, आणि ब्रेकअवेमधून टिकत टिकत वेलोड्रोममध्ये टॉम बूनेनला स्प्रिंटमध्ये हरवलं. वय ३७. फिनिशनंतरचा त्याचा चेहरा बघा, स्वतःलाच पटलेलं नाही.

न दिसणारं जास्त वाईट. एक म्हणजे वजन. चढावर प्रत्येक किलो नडतो म्हणून खाणं तोडतात, आणि सायकलिंगमध्ये हाडांवर शरीराचा भार, आदळआपट असं काहीच नसतं, त्यामुळे तिशीच्या आतल्या धडधाकट माणसांची हाडं विरळ निघतात. मुलींत पाळी बंद होणं ही धोक्याची घंटा, आणि वर्षानुवर्षं ती "फॉर्म आलाय" म्हणून खपवली गेली. आता जरा सुधारलंय, रेसमध्ये तासाला ९०-१२० ग्रॅम कार्ब्स खातात, पूर्वी एवढं कुणी खात नव्हतं. पण भाच्याने मनाने डाएट सुरू केलं तर ताईंनी कान पकडावा, सतराव्या वर्षी तर नक्कीच.

दुसरं, पायाची धमनी. तासन् तास कमरेत वाकून जोर लावल्यामुळे पायाकडे जाणारी मोठी धमनी जाड होते किंवा मुडपते, मग जोर लावला की एक पाय मेल्यासारखा होतो आणि टेस्टमध्ये पटकन काही सापडत नाही, सगळे म्हणतात मनाचे खेळ आहेत. पोलीन फेराँ-प्रेव्होला यासाठी ऑपरेशन करावं लागलं. पुढे तिने माउंटन बाइकमध्ये पॅरिस ऑलिंपिकचं सोनं घेतलं, मग रोडवर परत येऊन २०२५ ला बायकांची रूबे आणि टूर दोन्ही.

तिसरं डोक्याचं. वर्षातले साठ-सत्तर-ऐंशी रेसचे दिवस, त्यात हाय अल्टिट्यूड कॅम्प, म्हणजे डोंगरावरच्या हॉटेलात तीन आठवडे, सायकल मारा, जेवण तोलून खा, झोपा. मार्सेल किटेल, टूरच्या १४ स्टेजेस जिंकलेला माणूस, २०१९ मध्ये ३१ व्या वर्षी नको झालं म्हणून थांबला. टॉम ड्यूमोलाँने २०२१ च्या जानेवारीत ब्रेक घेतला, परत येऊन टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं, आणि २०२२ ला कायमचं सोडलं. कॅव्हेंडिशला आधी एपस्टीन-बार व्हायरसने पाडलं, मग डिप्रेशन, २०२० मध्ये रेसनंतर मुलाखतीत रडला, बहुतेक ही आपली शेवटची रेस म्हणाला. पुढच्या वर्षी टूरमधल्या मर्क्सच्या ३४ स्टेज विजयांच्या विक्रमाची बरोबरी आणि २०२४ ला ३५ वी. पण हे कॅव्हेंडिशचं झालं. ज्याच्या नावावर आधीचे तीस विजय नाहीत त्याला तशा अवस्थेत पुन्हा संधी कोण देणार?

आणि पगारावर @हिशेबी_सायकल यांनी "पुरुषांत" लिहिलं त्याबद्दल धन्यवाद. बायकांच्या वर्ल्डटीम्सना किमान पगाराचा नियमच २०२० मध्ये आला, तोही १५,००० युरोंवर. त्याआधी वरच्या स्तरावरच्या बऱ्याच बायका नोकरी सांभाळून रेस करत होत्या. भाची असती तर हा धागा वेगळाच झाला असता.

उतारावरचा

+१, एकदम जोरदार प्रतिसाद.

वाऱ्याच्या_तोंडी

@गिअर_अडकला, डोमेस्टिक ओळखतात कसं, तर आता सगळं पॉवर मीटरच्या फाइलमध्ये दिसतं. टीमचा कोच रिझल्ट बघतो तसा फाइलही मागतो. आणि ताजंतवानं असताना वीस मिनिटांत किती वॉट काढले याचं कौतुक कमी झालंय, ते पुष्कळांना जमतं. विचारतात काय, तर चार तास मार खाऊन झाल्यावर, तीन हजार किलोज्यूल खर्च झाल्यावर, तीच पाच मिनिटं परत काढशील का? तिथे माणसं उघडी पडतात. त्याशिवाय पेलोटॉनमध्ये धक्के न खाता पुढे राहता येतं का, उतारावर घाबरतो का, आडव्या वाऱ्यात रांग तिरकी झाल्यावर जागा धरता येते का. हे फाइलमध्ये येत नाही, त्यासाठी टीमचा डायरेक्टर गाडीतून बघतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकीच्या सायकलपटूंना विचारतो. लीडर स्वतःच टीम बदलताना दोन-तीन माणसं बरोबर मागून घेतो. लीडआउटवाले, म्हणजे स्प्रिंटरला शेवटी आडोसा देत पुढे नेऊन सोडणारे, तर जोडीनेच फिरतात, मिखाएल मोरकोव्ह २०२१ ला कॅव्हेंडिशच्या पुढे होता आणि २०२४ ला ३५ वी स्टेज आली तेव्हा दुसऱ्या टीममध्येही तोच होता.

रिटायरमेंटचं विचारलं होतंत. टीमच्या गाडीत बसणारे डायरेक्टर बहुतेक सगळे जुने सायकलपटूच, हेमनही पुढे त्याच गाडीत बसला. मार्क रेनशॉ, कॅव्हेंडिशचा जुना लीडआउट, शेवटी त्याच्याच टीममध्ये स्प्रिंटचा सल्लागार होता. पण गाडीत जागा दोन-चार, रिटायर होणारे शेकडो. बाकीचे कोचिंग, सायकल कंपन्या, कॉमेंट्री, आणि उरलेले अगदी साध्या नोकऱ्यांत. पंधरा वर्षं कुणीतरी वेळापत्रक आखून दिलेलं असतं, पस्तिशीत पहिल्यांदा सीव्ही लिहायचा म्हणजे बऱ्याच जणांच्या नाकी नऊ येतात.

चढ_संपेना

म्हणून भाच्याने शिक्षण सोडू नये. टोकियोत बायकांची रोड रेस जिंकलेली अॅना कीसेनहोफर गणितातली डॉक्टरेट, तेव्हा तिच्याकडे प्रो कॉन्ट्रॅक्टसुद्धा नव्हतं. पहिल्यापासून पुढे पळाली, मागच्यांना ती पुढे आहे हेच ठाऊक नव्हतं, फान फ्लूटेन फिनिशला हात वर करून आली आणि मग कळलं की आपण दुसऱ्या.

हिशेबी_सायकल

परत अपवाद! 😄

गिअर_अडकला

हाहा. भाच्याला डेक्लेर्कच्या क्लिप्स पाठवल्या. त्याचा मेसेज आला, "मामा, हा माणूस पुढे असताना बाकीचे एवढे निवांत गप्पा कशा मारतायत?" आणि खाली अजून एक प्रश्न टाकलाय, आडव्या वाऱ्यात रांग तिरकी होते म्हणजे नेमकं काय होतं. ते मलाही कळलं नाही. कुणीतरी सांगा, ताईला नाही कळलं तरी चालेल.